मेणबत्तीचा साचा कसा निवडावा?

घरगुती उद्योगांची यादी निघाली की मेणबत्तीचे नाव पहिल्या पाच-सहांत येतेच. भांडवल थोडे, जागा थोडी, मोठे यंत्र नको, विजेची गरज नाही. मेण वितळवावयाचे, साच्यात ओतावयाचे आणि थंड झाले की काढावयाचे. सांगायला हे इतके सोपे आहे, म्हणूनच की काय, या उद्योगात हात घालणारे पुष्कळ आणि दोन-तीन महिन्यांत हात काढून घेणारेही पुष्कळ. मेण कोणते घ्यावे, वात कोणती, रंग कोणता, ही माहिती सहज मिळते. साचा मात्र 'मिळेल तो' किंवा 'आवडेल तो' घेतला जातो. वास्तविक सुरुवातीच्या खर्चातला मोठा भाग साच्यांचाच असतो, आणि पुढचा सारा उद्योग त्यांच्यावरच अवलंबून राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः साच्याचा विचार करावयाचा आहे.

साचा ही वस्तू आपल्याला नवी नाही. पाडव्याला गुढीवर जी साखरेची गाठी बांधतो, ती लाकडी साच्यात ओतलेली असते. साच्यातून आरपार नेलेला दोरा तिच्यात पक्का बसतो. मेणबत्तीतील वातीचे याहून वेगळे काय असते? उत्तर कर्नाटकात गौरी हुण्णिमेला मुली ज्या सक्करे आरत्या घेऊन जातात, त्याही लाकडी साच्यांतूनच निघतात. पाक ओतण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायका ते साचे पाण्यात भिजत घालतात. का, असे विचारले तर "नाही तर चिकटतं" एवढेच उत्तर मिळते. साच्याचे निम्मे शास्त्र त्या दोन शब्दांत आले. मराठीत आपण साचा म्हणतो, कन्नड विभागातील आपले मित्र अच्चु म्हणतात. शब्द दोन असले तरी प्रश्न एकच आहे : आत घातलेले सुखरूप बाहेर कसे यावे?

एक फसलेली दिवाळी

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी नौबादला एका खोलीत आमच्या सहा विद्यार्थ्यांनी मिळून दिवाळीसाठी मेणबत्त्या करावयाचे ठरविले. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे घातले. त्यांत एका मुलीने पुढच्या सत्राच्या फीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम घातली होती, हे मला नंतर कळले. बाजारात त्यांना गुलाबाच्या फुलाचे रबरी साचे दिसले. फूल इतके सुबक, की पाकळ्यांच्या आतल्या घड्याही दिसाव्यात. त्यांनी एकदम सहा साचे घेतले. मेण कडक व्हावे, बत्ती पांढरीशुभ्र दिसावी, म्हणून स्टिअरिक आम्ल घालावयाचे हे मीच त्यांना सांगितले होते. साचा कशाचा आहे, हे मात्र मी विचारले नाही.

पहिले दोन-तीन घाणे उत्तम निघाले. चौथ्या-पाचव्या वेळेपासून रबर चिकट लागू लागले. मग ते फुगले, मऊ पडले, आणि फूल काढताना पाकळ्या साच्यातच राहू लागल्या. शिवाय एक फूल थिजायला दोन-दोन तास लागत. घेतलेली मागणी पुरी झाली नाही, आणि फुटक्या फुलांचे मेण पुन्हा पातेल्यात गेले. दुकानदाराने फसविले असे म्हणता येणार नाही, कारण त्याने जे मागितले तेच दिले. चूक आमची होती, आणि त्यांत माझा वाटा मोठा होता. स्टिअरिक आम्लाचे रेणुसूत्र मी फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. ते नैसर्गिक रबराला खराब करते, ही साधी गोष्ट वेळेवर सांगितली नाही.

मेण थिजताना काय होते?

साचा निवडावयाचा तर आधी मेणाचा स्वभाव ओळखला पाहिजे. बाजारातील बहुतेक मेणबत्त्या पॅराफिन मेणाच्या असतात. हे मेण खनिज तेलापासून मिळते. आसामातील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मेणबत्तीसाठी वापरावयाचे पॅराफिन साधारणपणे ५४ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पाणी गोठले की प्रसरण पावते; मेणाचे उलट आहे. द्रवरूप मेण थिजताना त्याचे आकारमान सुमारे १० ते १५ टक्क्यांनी कमी होते.

हे आकसणे शत्रूही आहे आणि मित्रही. प्रथम मित्र कसा ते पाहू. मेण आकसते म्हणून ते साच्याच्या भिंतीपासून किंचित सुटते आणि बत्ती बाहेर येते. आता शत्रू कसा ते पाहू. साच्याला लागून असलेले मेण आधी थिजते, मधले शेवटी. बाहेरचे कवच घट्ट झाल्यावर मधले मेण आकसू लागले म्हणजे वातीभोवती पोकळी तयार होते आणि वर खळगा पडतो. म्हणून वर साय धरल्यावर सुईने वातीजवळ दोन-तीन छिद्रे पाडून पुन्हा थोडे मेण ओतावे लागते. हे दुसरे मेण पहिल्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये. गेले तर ते बत्ती आणि साचा यांच्यामधील फटीत उतरते, आणि सुटू पाहणारी बत्ती पुन्हा चिकटून बसते.

सगळी मेणे सारखी आकसत नाहीत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी सांगितले आहे, की मधमाश्यांचे मेण साच्यात ओतता येत नाही. त्या काळी अशा मेणबत्त्यांच्या वाती टांगून त्यांवर वरून पुन्हा पुन्हा मेण सोडीत, आणि मग त्या लाटून गोल करीत. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांवर वितळते, थोडेच आकसते आणि भिंतीला धरून राहते. आज लवचिक साच्यांमुळे तेही ओतता येते. परंतु धातूच्या साच्यात ते ओतू पाहणाऱ्याला फॅरडे यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

पेला आणि तांब्या

आता साच्याच्या आकाराकडे वळू. घरातील एक पेला आणि एक तांब्या शेजारी ठेवा. पेला तोंडाशी रुंद आणि तळाशी थोडा निमुळता असतो. त्यात थिजलेले मेण उलटे करून टिचकी मारली की निघेल. तांब्याचे पोट मोठे आणि गळा लहान असतो. त्यात थिजलेले मेण तांब्या फोडल्याशिवाय निघणार नाही, मग तेल कितीही लावा. साच्याच्या आकाराचा सारा नियम या दोन भांड्यांत आहे : अखंड आणि कडक साचा असेल तर तो पेल्यासारखाच असला पाहिजे. तांब्यासारखा आकार हवा असेल तर तीनच मार्ग आहेत. साचा दोन तुकड्यांचा असावा, किंवा तो वाकणारा असावा, किंवा दर वेळी मोडून टाकण्याचा असावा.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक अखंड साच्यांत बत्ती उलटी ओतली जाते. साच्याचा तळ म्हणजे बत्तीचा माथा, आणि ओतावयाचे तोंड म्हणजे बत्तीची बैठक. खळगा पडतो तो बैठकीकडे, म्हणून तो सपाट करून झाकता येतो. साचा विकत घेताना तळावर ओरखडा असेल तर तो बत्तीच्या माथ्यावर, म्हणजे सर्वांना प्रथम दिसेल अशा जागी उमटणार, हे ध्यानात असावे.

मोडण्याचा साचा पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. बिदरी काम करणारे कारागीर जस्त आणि तांबे यांचा मिश्रधातू ओततात. जस्तच सुमारे ४२० अंशांवर वितळते. इतक्या उष्णतेपुढे लाकूड, रबर, प्लास्टिक यांचा काय टिकाव लागणार? म्हणून तेथे मातीचाच साचा. एरंडेल आणि राळ घालून मऊ केलेल्या मातीत आकार उमटवावयाचा, धातू ओतावयाचा आणि मग माती मोडून भांडे बाहेर काढावयाचे. दर भांड्याला नवा साचा. बिदरी भांड्यावर पुढे चांदीच्या तारेचे काम होते आणि त्याची किंमत त्या कामाची असते, म्हणून दर वेळी साचा घडविणे परवडते. मेणबत्तीला ते परवडत नाही. साठ अंशांच्या मेणाला माती कशाला? मेणाची उष्णता कमी असल्यामुळेच आपल्याला निवडीला इतका वाव मिळतो, आणि वाव असला की चुकावयालाही वाव असतो.

साच्यांचे प्रकार

१. ॲल्युमिनियमचा दुभागी साचा : साध्या उभ्या मेणबत्त्यांसाठी घरगुती कारखान्यात हाच चालतो. दोन जाड फळ्या, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला आवळण्याचे स्क्रू, आणि दोन्ही फळ्यांत अर्ध्या-अर्ध्या गोलाईच्या पन्हळी. साचा उघडून फडक्याने पुसावा, तेलाचा अगदी हलका हात फिरवावा, वरखाली असलेल्या आकड्यांवरून वातीचा दोरा ताणून घ्यावा, फळ्या मिटून स्क्रू आवळावेत आणि वरच्या पन्हाळीतून मेण ओतावे. मग साचा पाण्याच्या टाकीत वरची कड बुडणार नाही असा उभा करावा. थिजल्यावर वरचे जादा मेण सुरीने खरडून परत पातेल्यात टाकावे, दोरे कापावेत आणि साचा उघडावा.

ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते. रबर किंवा सिलिकॉन यांच्या मानाने त्याची उष्णतावाहकता जवळजवळ हजारपट आहे. गुलाबाला दोन तास लागले आणि साध्या बत्तीला काही मिनिटे पुरतात, ती यामुळे. समजा, साचा २४ बत्त्यांचा आहे आणि ओतण्यापासून काढण्यापर्यंत २० मिनिटे लागली, तर तासाला तीन घाणे म्हणजे ७२ बत्त्या झाल्या. सहा रबरी साच्यांतून दोन तासांना एक घाणा निघत असेल तर तासाला तीन फुले! फूल महाग विकले जाते हे खरे, पण चोवीसपट महाग विकले जाईल काय, हा हिशेब साचा घेण्यापूर्वी करावयाचा असतो.

या साच्याचा दोष म्हणजे त्याच्या फळ्या. त्या नीट जुळल्या नाहीत तर दोन गोष्टी होतात : मेण बाहेर गळते आणि पाणी आत शिरते. ओली झालेली वात पेटताना तडतडते. अशा बत्त्या एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या की ते गिऱ्हाईक परत येत नाही.

२. धातूचा अखंड साचा : जाड, गोल किंवा चौकोनी बत्तीसाठी पत्र्याचा साचा मिळतो. तळाला वातीचे छिद्र असते. ते बाहेरून मळलेल्या पिठाने किंवा मातीने बुजवावे लागते. आत सांधा उंचावलेला नसावा. बोटाला जाणवणारी कडसुद्धा मेण धरून ठेवते. तांब्यापितळेचा साचा, तसेच कल्हई उडालेले पितळी पातेले वापरू नये. स्टिअरिक आम्लाची तांब्याशी क्रिया होऊन मेणाला हिरवट झाक येते.

३. प्लास्टिकचा साचा : कडक, पारदर्शक प्लास्टिकचे साचे गुळगुळीत असतात, आतले मेण दिसते आणि बत्तीला चकाकी येते. पण ते उष्णतेला भितात. साच्याबरोबर जी मर्यादा सांगितली असेल तिच्या खालीच मेण ओतावे. साधारणपणे सत्तर अंशांच्या आसपास ओतले तर बरे. खरडण्यासाठी सुरी लावू नये. एक ओरखडा पुढच्या प्रत्येक बत्तीवर उमटतो. सरबताचे पातळ प्लास्टिकचे पेले मात्र कधीही वापरू नयेत. ते हातातच लुळे पडतात आणि तापलेले मेण पायावर सांडते.

४. रबर आणि सिलिकॉन : दोन्ही वाकतात, म्हणून तांब्याच्या आकाराचा प्रश्न सोडवितात. फुले, फळे, दीपमाळ, मूर्ती यांना तेच लागतात. दिसायला ते सारखे असले तरी स्वभावाने फार निराळे आहेत. नैसर्गिक रबराचा साचा स्वस्त असतो, पण स्टिअरिक आम्ल, उष्णता आणि ऊन यांनी तो लवकर खराब होतो. सिलिकॉन महाग, पण त्याला हे आम्ल बाधत नाही, तेल लावण्याची गरज नसते, आणि नीट वापरल्यास तो पुष्कळ घाणे देतो. दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणूनच हा : "हे रबर आहे की सिलिकॉन?" आमच्या विद्यार्थ्यांनी हे एक वाक्य विचारले असते, तर ती दिवाळी वाचली असती.

५. काच : काचेच्या पेल्यातून बत्ती काढावयाची असेल तर पेला सरळ आणि जाड असावा, आणि मेण ओतण्यापूर्वी कोमट केलेला असावा. थंड काचेत गरम मेण ओतले की ती तडकण्याचा धोका असतो. बत्ती काढावयाची नसून पेल्यातच जाळावयाची असेल, तर तो साचा नव्हे, भांडे होय. भांड्याची कसोटी वेगळी : बत्ती जळत तळाशी आली तरी ते तापून फुटता कामा नये. पणतीत मेण घालून केलेले दिवेही याच वर्गातले. नारळाची करवंटी मात्र भांडे म्हणून घेऊ नये. ती स्वतःच पेटते.

६. प्लास्टर ऑफ पॅरिस : स्वतःचा साचा स्वतः करू इच्छिणाऱ्यांना हा मार्ग आहे. मूळ वस्तूवरून दोन अर्धे घडवावे लागतात. एकाला गोल खाचा आणि दुसऱ्याला त्यांत बसतील असे उंचवटे ठेवावेत, म्हणजे जोड हलत नाही. प्लास्टर मेण शोषून घेते, म्हणून ओतण्यापूर्वी साचा पाण्यात भिजवून, वरचे पाणी टिपून घ्यावे. गौरी हुण्णिमेच्या लाकडी साच्यांना आपल्या आजी जे करीत आल्या तेच हे.

७. घरातील वस्तू : शिकणाऱ्याने पैसे घालण्यापूर्वी आठ दिवस यांवरच हात बसवावा. स्टीलचा निमुळता पेला उत्तम. दुधाचे किंवा फळांच्या रसाचे मेणकापडी खोके मोडण्याच्या साच्यासारखे वापरता येते. बत्ती थिजली की कागद फाडून काढावा. अंड्याचे कवचही तसेच. पीव्हीसी नळीचा तुकडा उभा चिरून, चिरेवर चिकटपट्टी लावून आणि बाहेरून दोरीने आवळून घेतला तर चांगली जाड बत्ती होते. परंतु ही नळी साधारण ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून मेण त्याहून बरेच थंड असावे.

बाहेर काढण्याचा प्रश्न किती जुना आहे, हे मेणबत्तीच्या इतिहासावरूनही दिसते. इंग्लंडमध्ये १८३४ साली जोसेफ मॉर्गन यांनी जे यंत्र केले, त्याने मेणबत्त्या स्वस्त झाल्या आणि सामान्यांच्या घरी पोचल्या. त्या यंत्राची खुबी काय होती? थिजलेली बत्ती साच्यातून ढकलून बाहेर काढणारा सरकता दट्ट्या! ओतण्याची युक्ती लोकांना आधीच माहीत होती. काढण्याची युक्ती सापडली, तेव्हा कारखाना उभा राहिला.

मेण किती लागेल?

साचा हाती आला की त्याला मेण किती लागेल हे काढावे, म्हणजे किंमत ठरविता येते. साच्याची छिद्रे बुजवून तो पाण्याने काठोकाठ भरावा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओतावे. जितके मिलिलिटर पाणी, त्याच्या नऊ-दशांश तितके ग्रॅम मेण. कारण थिजलेल्या पॅराफिनची घनता सुमारे ०.९ असते. उदाहरणार्थ, ५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १० सेंटिमीटर उंचीच्या साच्यात सुमारे १९६ मिलिलिटर पाणी मावते. त्याला १७६ ग्रॅमच्या आसपास मेण लागेल. त्यानंतर साचा पूर्ण कोरडा करावा. राहिलेला पाण्याचा थेंब बत्तीत खळगा करून बसतो.

या रीतीचा एक पूर्वज आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला, हे सांगताना आनंद वाटतो. कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची पद्धत दिली आहे. त्यात आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचे थर देतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. धातू किती घ्यावा हे मेणाच्या वजनावरून ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. आपण पाण्यावरून मेण ठरवितो. त्या काळचे कारागीर मेणावरून सोने-चांदी ठरवीत. पोकळी मोजल्याशिवाय ओतू नये, हा धडा दोन्हीकडे एकच.

साच्याचा व्यास ठरला की वातीची जाडीही ठरते, हेही विसरू नये. जाड बत्तीत बारीक वात घातली तर ती स्वतःपुरता खड्डा करून त्यात बुडते. बारीक बत्तीत जाड वात घातली तर ती धूर सोडते आणि मेण ओघळते. म्हणून प्रत्येक नव्या साच्यातली पहिली बत्ती विकू नये. ती घरी शेवटपर्यंत जाळून पाहावी.

डोळ्यांनी की बोटांनी?

साचा निवडताना आपण डोळ्यांवर फार विसंबतो. या संदर्भात महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ते मेणबत्त्या करावयास शिकले. महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्यांनी त्या विकल्या, आणि विक्रीतला काही भाग दररोज दुसऱ्या दिवशीच्या मेणासाठी बाजूला ठेवला. १९९४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'सनराइज कँडल्स' या उद्योगाने पुढे अनेक दृष्टिहीन स्त्री-पुरुषांना काम दिले. न पाहणारे हात हे काम करू शकतात, याचे कारण साच्याच्या ज्या गुणांवर काम अवलंबून असते ते सर्व स्पर्शाला कळणारे आहेत : सांधा, उतार, कड, गुळगुळीतपणा, उष्णता. डोळ्याला फक्त गुलाब दिसतो.

म्हणून दुकानात साचा हाती घेतल्यावर पुढील परीक्षा कराव्यात.

आतून बोट फिरवावे. कुठेही अडता कामा नये.

दुभागी साचा मिटून उजेडाकडे धरावा. फटीतून प्रकाश दिसला तर तो परत ठेवावा.

अखंड साच्याचा तळ आणि तोंड मोजावे. तळ मोठा असेल तर घेऊ नये.

वाकणारा साचा पूर्ण उलटा करून पाहावा. उलटत नसेल तर फूलही निघणार नाही.

शेवटी विचारावे : कशाचा आहे, किती अंश उष्णता सोसतो, आणि स्क्रू किंवा बिजागरी मोडली तर मिळेल का?

आपल्या भागासाठी दोन शब्द

बिदर-कलबुर्गीकडील उन्हाळा चाळिशी गाठतो आणि ओलांडतोही. अशा दिवसांत कमी अंशांवर वितळणाऱ्या मेणाची लांब, सडपातळ बत्ती दुकानातल्या फळीवरच मान टाकते. उन्हाळ्यात विकावयाचा माल बुटक्या आणि जाड साच्यात, साठ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मेणाचा करावा. लांब साचा दिवाळी-नाताळासाठी ठेवावा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी पेल्यावर हात बसवावा, मग चार-पाच जणांत मिळून एकच ॲल्युमिनियमचा दुभागी साचा घ्यावा, आणि त्याचे पैसे वसूल झाल्यावरच फुलांच्या सिलिकॉन साच्याकडे वळावे. रोजची भाकरी साध्या बत्तीवर आणि सणाची पुरणपोळी गुलाबावर, हा क्रम उलटा करू नये.

आणखी एक सूचना साच्याची नाही, पण ती न देता लेख संपविणे बरे नव्हे. मेणाचे पातेले कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात ते ठेवावे. फार तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते. मेण पेटले तर त्यावर पाणी ओतू नये. झाकण टाकून आच बंद करावी. साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

आमच्या त्या सहा विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. त्यांनी चिकट झालेले रबरी साचे टाकून दिले. पुढच्या वर्षी एक वापरलेला दुभागी साचा आणला, त्याच्या फळ्या उजेडाकडे धरून तपासल्या, आणि साध्या पांढऱ्या बत्त्या केल्या. पहिल्या वर्षीचा तोटा भरून निघावयास ती दुसरी दिवाळी पूर्ण खर्ची पडली. नफा झाला तो तिसऱ्या वर्षी. ज्या मुलीने फीचे पैसे घातले होते, तिची फी त्या पहिल्या सत्रात इतर पाच जणांनी वर्गणी काढून भरली. हे मला साच्याहून मोठे वाटते.

मराठीत 'साचेबंद' हा शब्द आपण नापसंतीने वापरतो. साचा म्हणजे बंधन, असे आपण गृहीत धरतो. पण ज्याने एकदा स्वतःच्या हाताने बत्ती ओतली आहे त्याला ठाऊक असते, की चांगला साचा तो, जो आकार देतो आणि वेळ झाली की सोडूनही देतो. धरून ठेवणारा साचा कितीही सुंदर असला तरी शेवटी फोडावाच लागतो.